सुरमई कुठली नि कुपा कुठला

सोमवार, १३ नोव्हेंबर १९७८
नंदिनीच्या लग्नाची बोलणी करायला मालवणचे पावणे रविवारी जेवायला येणार. मुलगा इथंच वीज ऑफिसात. नातीनं स्वतःच हेरलेला. बापाच्या दोन बोटी समुद्रात. माझा जोतीराम म्हणाला, आई, मटण कर, हातातलं हाय. मटण काय कुणीबी घालतंय. मी सुरमई करणार. सुनेला, शालूला, ठसका लागला. लागू दे.

मंगळवार, १४
नंदिनीनं चिठ्ठी लिहून दिली. सुरमई लांबोडकी, अंगावर नागमोडी रेघा, दात कात्रीसारखे, मांस पांढरं. कुपा मधे जाड, दोन्हीकडं निमुळता, मांस लाल. दोघंही गळाला लागले की माणसाला दमवतात म्हणे. मीबी दमवते, पण मला चिठ्ठी लागत नाही.
पोरगी रडवेली होऊन म्हणाली, आजी, त्यांच्यात पावण्याला कुपा वाढत न्हाईत. हे मोडलं तर मी दुसरीकडं करायची न्हाई. घाबरट. आईवर गेलीय.

रविवार, १९, सकाळी ९
मार्केटात गेले. चिठ्ठी घरीच राहिली. अडलं नाही. धोंडुबाई मासेवालीनं दोन मासे कापून दाखवले. एक पांढराफटक, रक्ताचा टिपूस नाही. दुसरा लालभडक, सकाळी कापलेल्या बोकडासारखा. चाळीस वर्षं खाटकापुढं उभी राहतेय मी, लाल ते ताजं. ती म्हणाली, आजी, लाल तो कुपा. मी म्हटलं, शिळं गळ्यात मारतीस व्हय? ती म्हणाली, न्या बाई, लालच न्या. शेवटी वळणावर आली.

दुपारी १२
आलं-लसूण लावून पातेलं चढवलं. शालू म्हणते, आत्याबाई, मासा धा मिनिटांत शिजतो. एवढं धूड धा मिनिटांत? दोन तास रटरटवलं. तुकडे घट्ट झाले, मोडेनात. चांगलं लक्षण.

दुपारी ३
मुलाचा काका तीन वाट्या रस्सा प्याला. मग म्हणाला, मटण झ्याक, बोकड तेवढा म्हातारा होता. आता मासे येऊंद्यात की.
मी म्हटलं, हीच सुरमई. काकानं तुकडा उजेडात धरला, बोटांनी दाबला, हुंगला आणि मुलाच्या बापाकडं बघितलं. बाप म्हणाला, कळवतो. कोकणातल्यांना तिखट झेपत नाही, दुसरं काय.

बुधवार, २२
कळवलं नाही. नंदिनी जेवत नाही. फॅशन असेल.

शुक्रवार, २४
निरोप नाही. जोतीराम माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता, बरं वाटतंय.
नंदिनी माजघरात भिंतीकडं तोंड करून पडलीय. हाक मारली, ओ दिली नाही. ती चिठ्ठी डब्याखाली सापडली. सगळं बरोबर लिहिलंय तिनं. अक्षरबी चांगलं हाय.

सोमवार, २७
मालवणला कार्ड टाकलं. माफीबिफी नाही, निव्वळ खुलासा. मासा मी आणला, मी शिजवला, पोरीनं आणि मासेवालीनं आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, चूक माझी. पोरीवर राग धरू नये. घरात कुणाला सांगितलं नाही. कार्ड पोचलं की सुतासारखे सरळ येतात बघ.

बुधवार, २९
आले. मुलाचा बाप स्वतः, बर्फात घातलेली सुरमई घेऊन. म्हणाला, मुलगी त्याच दिवशी पसंत होती, एक बोट बिघडली त्यात निरोप राहिला. नंदिनीनं सुरमई तळली, धा मिनिटांत. बरी होती. चार तुकडे खाल्ले, पावण्याचं मन मोडू नये म्हणून.
मग आपलं सहज विचारलं, माझं कार्ड मिळालं का? ते म्हणाले, कसलं कार्ड? मी तर काल सकाळीच निघालो. काय होतं त्यात? सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, खुशाली.
म्हणजे ते कार्ड आता त्यांच्या घरी जाणार. तो काकाच घरी हाय. उघडं कार्ड. वाटेत पोस्टमन वाचणार, मग काका सगळ्यांना बसवून वाचणार. चूक माझी, असं लिहिलंय. खाली सही. पूर्ण नावानं.