माझ्यासमोर बसून सांगितले

येडशी, ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

या वहीतून मला एकच विधान सिद्ध करावयाचे आहे: एखाद्या व्यक्तीचे संकेतस्थळ एकाही असत्य वाक्याशिवाय लिहिता येते. छत्तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर निदान एक विधान व्यवहारात सिद्ध करून पाहावे, अशी इच्छा आहे.

आज येथे आलो. मन प्रसन्न आहे. खोली रेल्वे स्थानकासमोर, पहिल्या मजल्यावर; खिडकीतून फलाटावरचा सिमेंटचा बाक दिसतो आणि त्यापलीकडे रामलिंगाकडची झाडी. सामान म्हणजे पुस्तकांच्या दोन पेट्या, एक मेज आणि दोन खुर्च्या. एकट्या माणसाला दुसरी खुर्ची कशाला, असे घरमालकांनी विचारले. समोर कोणी बसले आहे असे मानल्याशिवाय मला विचार करता येत नाही, असे मी सांगितले. ते बराच वेळ हसत होते.

काम धाराशिवला, समृद्धीच्या कार्यालयात. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी. डॉक्टर, वकील, भजनी गायक, निवडणुकीला उभे राहणारे, अशा एकेका व्यक्तीची संकेतस्थळे ती बनवते. रंग आणि मांडणी तिची. ‘माझ्याविषयी’ हे पान माझे. तिने पहिल्याच भेटीत बजावले की सर, लई खोलात शिरू नका, लोकांना स्वतःचं कौतुक वाचायचं असतं. मी म्हणालो की कौतुकाला माझी हरकत नाही. पुराव्यावाचून केलेल्या कौतुकाला आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पद्धत ठरली. ग्राहकाने माझ्यासमोर एक तास बसायचे आणि आपले आयुष्य स्वतः सांगायचे. मी उलटतपासणी घेणार. पानाच्या तळाशी माझे प्रमाणपत्र: ‘हा मजकूर यांनी माझ्यासमोर बसून स्वतः सांगितला आहे.’ त्याखाली माझी सही.

आज भूमहून भीमाशंकर नावाचे गुरांचे डॉक्टर आले. त्यांना ‘पंचक्रोशीत प्रसिद्ध’ असे हवे होते. कोणकोणत्या गावांत, असे मी विचारले. त्यांना तीनच आठवली. ‘तीन गावांत परिचित’ असे लिहिले. जाताना ते समृद्धीला म्हणाले की ताई, ह्या सरांपरीस म्हैस बरी, लाथ घालायच्या आधी कान तरी हलवती. समृद्धी तोंडाला ओढणी लावून हसली. मला राग आला, पण वाक्य खरे राहिले. सायंकाळपर्यंत आणखी दोघांनी ‘सरांच्या सहीचं पान’ मागितले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज ढोकीहून श्रीशैल नावाचे तिशीतले गृहस्थ आले. त्यांचे काका कल्याणप्पा यांचे तेथे भुसार मालाचे जुने दुकान आहे. काकांना पक्षाघात झाला आहे, जिना चढवत नाही, शब्द फुटत नाही. पण जे सांगायचे ते त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे, असे ते म्हणाले. मजकूर लिहूनच आणला होता. शेवटचे वाक्य असे: ‘मला मूलबाळ नाही, माझ्यामागे दुकानाची गादी पुतण्या श्रीशैल याने सांभाळावी, ही माझी इच्छा.’

मी नकार दिला. काका माझ्यासमोर बसलेले नाहीत. तेव्हा श्रीशैल यांनी छायाचित्र पुढे केले. चौरंगावर मांडी घालून ताठ बसलेले वृद्ध. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात शेवंतीचा हार, डाव्या तळहातावर फुले, डोळे अर्धे मिटलेले. पंचाहत्तरीच्या सोहळ्यातले छायाचित्र, असे सांगण्यात आले. मुद्रा विलक्षण शांत. अशा माणसाची उलटतपासणी घेणे मलाच अशोभनीय वाटले. श्रीशैल म्हणाले की सर, अख्ख्या जिल्ह्यात तुमची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. या कौतुकाचा पुरावा मी मागितला नाही.

पाच वाजता पान प्रसिद्ध झाले, माझ्या प्रमाणपत्रासह.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज संतापाने लिहीत आहे.

दुपारी एक वृद्धा कार्यालयाचा जिना चढून आली. कल्याणप्पांच्या पत्नी, प्रेमाबाई. मोबाईलवर माझे पान उघडून त्यांनी सर्वांसमक्ष विचारले की सर, तुमी कवा आलता आमच्या घरी? मालक नऊ तारखेला पहाटेच गेले. हा फोटू त्याच दुपारचा. आमच्यात माणूस गेलं की बसवत्यात, बसवूनच नेत्यात.

मी बाहेरचा माणूस. मला हे ठाऊक नव्हते. जो ताठ बसतो तो जिवंत, असे मी गृहीत धरले होते.

काल भावकीच्या बैठकीत श्रीशैलने माझे पान फिरवले. प्राध्यापकाची सही पाहून वडीलधारे गप्प झाले. प्रेमाबाईंनी येत्या गुरुवारी दुकान आणि त्यामागची राहती खोली सोडावी, असे ठरले. चाळीस वर्षे त्या तिथल्या तराजूशी बसल्या आहेत. त्यांची मागणी एवढीच: सर, खोटं लिवलं, असं चार वळीत लिहून द्या.

मी म्हणालो की छायाचित्र माझ्यासमोर होते आणि त्यातील गृहस्थ बसलेले होते. तेव्हा वाक्य सर्वस्वी असत्य ठरत नाही. त्यांनी मला खालीवर न्याहाळले. मग फोटू बोलला व्हय तुमच्यासंगं, असे विचारले.

समृद्धी म्हणाली की सर, मी पान काढून टाकते. मी तिच्यावर ओरडलो. पान काढणे म्हणजे असत्याची कबुली. छत्तीस वर्षांची सही मी एका लबाड पुतण्यापायी पुसणार नाही. फसवला गेलेला माणूस खोटारडा ठरत नाही. दोष त्याचा आहे!

प्रेमाबाई रडल्या नाहीत. उठताना म्हणाल्या, बरं. मालक तुमच्यासमोर बसून बोलले, असं लिवलंय नव्हं? मग येतील की. बसतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाच वाजता, लख्ख उजेडात, फलाटावरच्या बाकावर एक वृद्ध मांडी घालून बसलेले दिसले. ताठ. गळ्यात हार. गाडी आली, माणसे उतरली, गाडी गेली. त्यांच्याकडे कोणीही पाहिले नाही. सात वाजता मी दिवा लावला आणि वळलो, तर बाक रिकामा.

हे नाटक कोणी रचले आहे, ते शोधून काढीन. श्रीशैल असो वा ती बाई. मी गय करणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पाचला स्वतः बाकापाशी गेलो. कोणी नाही. सिमेंटवर राखाडी भस्म, आणि त्यात मांडीचा ठसा.

परतलो तर ते माझ्या जिन्याच्या तळच्या पायरीवर. तसेच बसलेले. घरमालक वरून उतरले. शेवटच्या पायरीवर त्यांनी धोतर सावरले आणि कोणाला पाय लागू नये तसे अंग चोरून बाजूने पुढे आले. पाहिले मात्र नाही. रस्त्यात का उभे आहात, असे मलाच विचारू लागले.

दोन तास रस्त्यात उभा होतो. भीतीने नव्हे. आपल्याच जिन्यावर आपल्याला अडवले जावे, याच्या संतापाने.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कामावर गेलो नाही. समृद्धीचा फोन. प्रेमाबाईंनी बोचकी बांधायला घेतली आहेत. सर, चार ओळी लिहा, मी स्वतः ढोकीला नेऊन देते. नकार दिला. आवाज चढला — माझाच.

पाच. वरची पायरी. दाराच्या फटीतून कोमेजलेल्या शेवंतीचा वास. पाऊल वाजले नाही. ते चालत नाहीत — बसूनच येतात.

कडी लावली आहे. दारावर मूठ आपटून विचारले — काय हवे आहे? पुरावा काय? तुम्ही तुम्हीच आहात याचा पुरावा —

हे मौन उर्मट आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाच वाजले. कडी तशीच आहे.

दुसऱ्या खुर्चीत.

मांडी घालून. समोर. माझ्यात आणि त्यांच्यात फक्त मेज.

माझ्या वाक्याचे दोन भाग होते. समोर बसले. सांगितले. पहिला आता खरा झाला आहे. दुसरा —

ओठ हलत आहेत. आवाज अजून नाही.

चेहऱ्यावर राग नाही. मी एकटाच रागावलेला आहे. किती दिवस — आणि कोणावर —

उद्या गुरुवार. लिहितो.

कबुली: कल्याणप्पा यांनी माझ्यासमोर बसून मजकूर सांगितला, हे माझ्या सहीचे वाक्य असत्य आहे. मी त्यांना जिवंतपणी पाहिलेले नाही. दुकानाविषयी त्यांनी मला एक शब्दही सांगितलेला नाही. श्रीशैलने मला फसवले. परंतु जे पाहिले नाही ते पाहिले असे लिहायला मला कोणी भाग पाडले नव्हते. ही चूक माझी, एकट्याची. या वहीच्या पहिल्या पानावरचे विधान मीच खोटे ठरवले.

व्यंकट माधवराव देशमाने
सायंकाळी ५.५२

मोबाईलने या कबुलीचे छायाचित्र काढून पाठवले. समृद्धीचे उत्तर आले — निघाले सर, तासाभरात प्रेमाबाईंच्या हातात देते.

ते उठत नाहीत.

ते बोलण्यापूर्वी सही झाली, हे नोंदवून ठेवतो. एवढी कबुली तरी खरी.

डोळे आता पूर्ण उघडे. सांगू लागले आहेत. पहिला शब्द माझेच ना—