लक्ष्मीपूजनातला नववा चार्ल्स

९ ऑक्टोबर २००५, रविवार. ईडन प्रेरी.
नाणं आलं! इंटरनेटवरच्या लिलावात जिंकलेलं. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स, १५६३, चांदी. हातोड्याने ठोकून पाडलेलं, म्हणून वाकडं; जुनं, म्हणून पिवळट. उल्का म्हणाली, राजाला कावीळ झालीय का? बायकोला इतिहासाची जाण शून्य. संकल्प: दर महिन्याला एक राजा. आवाज चढवायचा नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार.
कॉइन क्लब. अध्यक्ष गॅरी भिंगातून बघून म्हणाला, राजाच्या मानेखालचा काळा थर संशयास्पद आहे, जरा साफ करून बघ. साफ! साडेचारशे वर्षांचा काळ साचलाय तिथे! वीस मिनिटं बोललो, उभ्याने. बाकीचे कॉफीकडे गेले. अमेरिकन माणसाला सत्य कोरडं उतरत नाही. १० नोव्हेंबरला माझं भाषण ठरलं: ‘नाणं घासणारे नराधम’.

२२ ऑक्टोबर, शनिवार.
बेसमेंटमध्ये भाषणाची तालीम. शेजारी विचारायला आला, सगळं ठीक आहे ना. भित्रा देश.

३० ऑक्टोबर, रविवार.
देवघरातली चांदी काळी ठिक्कर! व्हिसाबरोबर संस्कृतीही बदलली का? टेबलावर हात आपटून बजावलं: लक्ष्मीपूजनाला घरातली चांदीची एकूण एक वस्तू लखलखली पाहिजे. उल्काने विचारलं, एकूण एक? एकूण एक! आवाज चढला नव्हता. खोली लहान आहे.

१ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.४०.
चौरंगावर करंडा, निरांजन आणि चार्ल्स. आरशासारखा! चिंच आणि टूथपेस्ट. उल्का म्हणाली, तूच म्हणालास, एकूण एक. आरतीआधी पंचवीस मिनिटं बोललो. निरांजन विझलं. मध्येच अनिका म्हणाली, बाबा, देअर्स रायटिंग अंडर हिज नेक. लॅटिन असणार. म्हटलं, मोठ्यांदा वाच, आईला कळू दे तिने काय घासलं.
वाचलं. कॉपी.

२ नोव्हेंबर, बुधवार.
विकणाऱ्याला सात पानी ईमेल. परत आला. पत्ता अस्तित्वात नाही. मी मात्र अस्तित्वात आहे!

१० नोव्हेंबर, गुरुवार.
विषय आयत्या वेळी बदलला: ‘बनावट नाणी आणि तज्ज्ञाची नजर’. टाळ्या. मग गॅरीने विचारलं, थराखालची अक्षरं नेमकी कुणी उघडी पाडली? खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
डिसेंबरचं भाषण उल्काचं. पाच मिनिटं.
चिंच मी न्यायची आहे.