मे द बेस्ट मॅन विन

सोम. १० नोव्हें.
लाइन इन्चार्जची जागा एक, नावं दोन. माझं आणि सविताचं. साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. शुक्रवारी इंटरव्ह्यू. वर हसून, "मे द बेस्ट मॅन विन!" आम्हां दोघींत मॅन कोण, देव जाणे.
अंबडच्या कंपनीतून परतताना स्कूटरवर मागून सविता: "ताई, म्हंजे काय गं ते?"
"जो सरस तो जिंको. स्पर्धेआधी म्हणतात."
"मग आपण बी म्हणायचं का एकमेकीला?"
द्वारका चौकाचा सिग्नल आला. ट्रॅफिकचं निमित्त करून तिला रोजच्यासारखं तिथं उतरवलं आणि स्कूटर पुढे काढली.

मंगळ. ११
मोबाइलवर पाहिलं. ते खरं तर स्पर्धेत उतरणाऱ्यानं समोरच्या स्पर्धकाला म्हणायचं. म्हणजे, तू जिंकलीस तरी माझ्या मनात काही नाही. साहेबांनी फुकटच वापरलं, त्यांचं काय जातंय!
आरशासमोर म्हणून पाहिलं. छे. इन्चार्ज झाले तर आठवड्याआड येणारी सेकंड शिफ्ट सुटते. गौरीची दहावी, आणि त्या आठवड्यात मी रात्री घरी पोचते तेव्हा पोरगी झोपलेली. कंपनीत मी सविताच्या आधीपासून. पण तिचा मुलगा चांदवडला आजीकडे. शिफ्ट सुटली तर तिला त्याला इकडे आणता येईल. हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

गुरु. १३
स्कूटरवर तिनं आमच्या मध्ये पर्स ठेवली. एरवी खांद्यावर असते. जेवताना भाजी पुढे केली तर "नको, पोट भरलंय." डबा उघडलाही नव्हता! राग आला. मग भीती. तिची तयारी माझ्यापेक्षा...

शुक्र. १४
निघताना सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. शिवाय एक डबी. "सविताला दे. तिला इथे कोण देणार?"
"अहो आई, ती माझ्याविरुद्ध उभी आहे."
"असू दे. दही थोडंच उभं आहे!"
डबी डिकीत टाकली. द्वारकेला सविता मागे बसली. डबी काढली नाही. विसरले नव्हते.
इंटरव्ह्यू बरा झाला. तिचाही, म्हणे.
संध्याकाळी द्वारकेला तिची पिशवी द्यायला डिकी उघडली, तर डबी तिच्या नजरेस पडली. सांगावंच लागलं. "सासूबाईंनी... तुझ्यासाठी. सकाळी."
तिनं डबी उघडली. तिथंच रिक्षांच्या गर्दीत उभी राहून बोटानं खाल्लं. दह्याला पाणी सुटलं होतं.
"आंबलंय थोडं. पण आईंना सांग, पोचलं."
ओढणीला हात पुसून पुढे केला. "मे द बेस्ट मॅन विन, ताई."
हात हातात घेतला. मी मात्र "चल, येते" एवढंच म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रवि. १६
उद्या सकाळी निकाल, बोर्डावर. सासूबाई विचारत होत्या, डबी कुठाय? तिच्याकडेच राहिली.
ते वाक्य निकालाआधीच म्हणायचं. जिंकल्यावर म्हटलं तर टोमणा, हरल्यावर म्हटलं तर नाटक.
उद्या द्वारका ते अंबड, एवढाच वेळ आहे. म्हणायचं ठरवलंय. पण मनापासून म्हणायचं तर... जागा मला अजूनही हवीच आहे.