ट्रॅक्टर स्लोवर थांबत नाही, म्हणून

मु. पडघा
रविवार सकाळ, दुसरा चहा

आदरणीय चांगदेवराव यांना बाळारामचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हात काळे आहेत, कागदावरचे ठसे ग्रीसचे समजावेत).

तुमचे गुडघे कसे आहेत? अकलोलीत, गरम पाण्याची कुंडं हाकेच्या अंतरावर असताना माणसाचे गुडघे दुखतातच कसे, हे मला कधी कळलं नाही. पण चेष्टा नाही, खरंच विचारतोय. वहिनी मजेत ना? तुमच्या उन्नतीची छकुली रांगायला लागली, असं तुमच्या बहिणीकडून, म्हणजे आमच्या शैलाकडून कळलं. ऐकून आनंद झाला. उन्नतीच्या लग्नाची पत्रिका मला आली की नाही, या वादाला दोन वर्षं झाली. तो विषय आज नको. तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही.

आमच्याकडे सगळं ठीक. रीमाचं लग्न अठ्ठावीस एप्रिलला ठरलंय आणि आमच्या कन्येचा हट्ट एकच: मांडवात यायचं ते आजोबांच्या जुन्या पेट्रोलच्या ट्रॅक्टरवर, आणि चालवणार मामा. लहानपणी तुम्ही तिला मांडीवर घेऊन बांधाबांधाने फिरवायचात, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. मामा येणार नसेल तर मी आपली पायी येईन, म्हणते. पण मामाचं नंतर पाहू, सध्या अडचण ट्रॅक्टरची आहे. रेस दिली की गर्जतो, रेस काढली की गप्प. स्लोवर उभा राहतच नाही. नवरी उतरेपर्यंत तरी मांडवाच्या दारात तो चालू नको का? तिकडे भटजी खोळंबलेत आणि इकडे नवरीचा बाप फेटा सांभाळत हँडल मारतोय, हे बरं दिसेल का?

आधी मी स्वतःच कार्बोरेटरचा एअर स्क्रू फिरवला, अर्धा आटा आत, अर्धा बाहेर, तुम्ही शिकवलं होतंत तसा (तुम्ही आधी तो पूर्ण आवळून मग आटे मोजायचात, हे मला नंतर आठवलं). मग पेट्रोल सोडणारा जेट काढून फुंकला. तोंडात पेट्रोल गेलं आणि शैलाने दिवसभर मला समईजवळ फिरकू दिलं नाही. मग आला पुतण्या विकी. तो दापोड्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, त्यामुळे चाक असलेल्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला कळतं, अशी त्याची समजूत. मोबाईलवर कुठल्याशा परदेशी शेतकऱ्याचा व्हिडिओ बघत त्याने रेसचा स्क्रू इतका आवळला की ट्रॅक्टर जागच्या जागी थयथयाट करू लागला, आणि वर पठ्ठ्याने गिअर टाकला. आमच्या ओट्यापासून शेजारच्या केसरीनाथच्या अंगणापर्यंत आम्ही तिघे गेलो: पुढे ट्रॅक्टर, त्यावर विकी, मागे धावत मी. वाटेत लग्नाचे पापड वाळत घातले होते. आता नाहीत. माझी थोरली बहीण आक्का ओट्यावरून ओरडली, "बाल्या, ट्रॅक्टरला काय झाला न्हाय, पयले तुजा स्क्रू आवल!"

काल शेवटी अख्खा कार्बोरेटर उतरवला. तो आणि इंजिन यांच्या मधलं पॅकिंग खराब होतं, तिथून हवा ओढत होता. नवं कापून बसवलं, आणि काय सांगू, चांगदेवराव, असा सुरेख स्लो लागला की शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या आक्काचा डोळा लागला! मी अर्धा तास नुसता ऐकत बसलो. बाबा गेल्यापासून हा आवाज ऐकला नव्हता. फार बरं वाटलं. तर कळवायचं एवढंच. काळजी नसावी.

तुमचा,
बाळाराम

ता. क. ते खराब पॅकिंग दोन वर्षांपूर्वी मीच कापलं होतं. इंजिनात डोकं घालून मी आक्काकडे जाड पुठ्ठा मागितला, तिने हातात काहीतरी दिलं, चष्मा घरात होता, मी माप लावून कापलं. काल ते काढून रॉकेलने पुसलं, तर त्यावर उठावाचा गणपती, आणि भोकाच्या कडेला 'चि. सौ. कां. उन्न' एवढंच शिल्लक. (गणपती उठावाचा, म्हणूनच पॅकिंग सपाट बसत नव्हतं. कागद मात्र भारी होता.)

ता. क. २. म्हणजे पत्रिका तुम्ही पाठवली होती. मी मात्र शैलाला आणि रीमाला दोघींनाच लग्नाला धाडून घरी ऐटीत बसलो, तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं, आणि "मीच तुज्या हातान दिली व्हती रं" असं दोन वर्षं सांगणाऱ्या आक्काला विसरभोळी ठरवलं. माझं चुकलं. हे एक वाक्य लिहायला वरचं सगळं पत्र लागलं.

ता. क. ३. रीमाची पत्रिका सोबत आहे. पहिली देवापुढे ठेवली, ही दुसरी. उजेडात धरून पाहिली, कुठेही भोक नाही. ट्रॅक्टर आता दुरुस्त झाला, त्यामुळे तुम्हाला बोलवायला तेही निमित्त उरलं नाही. नुसतेच या. पोर अजून पायीच येईन म्हणते आहे.