उपवासकाळात मी ग्लासमेन सोडले त्याबद्दल

टोलेडो,
झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार

आदरणीय फादर फ्लोरियन यांना, आणि त्याच अंगरख्यात राहणाऱ्या माझ्या दादाला, धाकट्या हॅटीचा नमस्कार.

सुरुवातीला 'फादर' म्हणून घेतलं, कारण शेवटी धर्माचा एक प्रश्न विचारायचा आहे. मधल्या मजकुरात 'अरे दादा' येईल, ते भाऊ म्हणून चालवून घे. तुझी कंबर कशी आहे? दुलुथला अजून बर्फ आहे म्हणे, तेव्हा मिस्साला उभं राहताना दोन मोजे घाल, आणि तुमच्या त्या स्वयंपाकीण बाईंना सांग की कोबी मेलेलाच असतो, त्याला आणखी उकडायला नको. आम्ही इकडे सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगू? फेब्रुवारीपासून या घराला असे एकेक हादरे बसलेत की टपालवाल्याने पेटीचं झाकण आपटलं तरी माझा हात छातीवर जातो. फोनवर सांगितलं असतं, पण आपला फोन तळघराच्या जिन्यापाशी आहे, आणि यातलं अक्षरही चेटच्या कानावर जाता कामा नये. (नवऱ्यापासून लपवून लिहिलेलं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्र. तेही एका पाद्र्याला. काय म्हणावं!)

पहिला हादरा टेरेन्स बोल्डनचा. तू गाव सोडून पंचवीस वर्षं झाली, तरी ग्लासमेन म्हणजे आपला बास्केटबॉलचा संघ, एवढं तरी विसरला नसशील. (काचेच्या कारखान्यांचं गाव आहे हे कबूल, पण म्हणून संघाला फुटणाऱ्या वस्तूचं नाव द्यायचं? ज्याने दिलं त्याला मला एकदा भेटायचंय.) तर बोल्डन सात वर्षं आपला. त्याच्या जिवावर जानेवारीअखेर आपण वरून दुसरे होतो. नाताळात तो आपल्या चर्चच्या बाजारात आला, माझ्या हातचे नऊ पिएरोगी उभ्याउभ्या खाल्ले आणि तोंड पुसत म्हणाला, "मिसेस पावलाक, मी इथेच म्हातारा होणार." मी येडी, घरी येऊन रडले. आणि फेब्रुवारीत एका मंगळवारी बातम्यांत ऐकते तर काय, साहेब निघाले! कुठल्याशा समुद्रकाठच्या संघात. कारण काय, तर इथे थंडी फार. अरे, लेक ईरीवरून वारा येतो हे तुला सात वर्षांनी कळलं? गल्लीत लोकांनी त्याच्या नंबराचे शर्ट पेटवले. चेटने पेटवला नाही (तो मी लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला दिलेला), पण आता त्या शर्टाने तो गाडीचं तेल पुसतो, आणि पुसताना नंबर वर येईल असा धरतो. चार दिवस माणूस बोलला नाही.

तो जरा बोलायला लागतोय तोच क्लिफ्टन येट्सचा गुडघा गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. सात फुटांचा धिप्पाड गडी, बोल्डन गेल्यावर सगळा भार त्याच्याच खांद्यावर. सामन्यात गुडघा गेला असता तर मी काही बोलले नसते, पण हा घरासमोरचा बर्फ फावड्याने काढताना घसरला! मला आधी खरंच वाटेना, दोनदा वर्तमानपत्र वाचलं. अरे, गावातल्या कुणीही येऊन काढून दिला असता तुझा बर्फ. चेट तर रांगेत पहिला उभा राहिला असता, स्वतःच्या घरासमोरचा तसाच टाकून. मग काय, घर फिरलं की वासेही फिरतात. अकरा सामने ओळीने हरलो.

आता इथे तुला आमच्या कोचाबद्दल (संघाच्या नव्हे, बसायच्या) सांगायला हवं. तू संसार केला नाहीस, त्यामुळे कळणार नाही, पण आमचा संसार झालाय तो तळघरातल्या टीव्हीसमोरच्या कोचावर. डाव्या कोपऱ्यात चेट, उजवीकडे मी. एरवी हा माणूस "मीठ दे" आणि "दिवा बंद कर" यापलीकडे जात नाही. सामना लागला की मात्र तोंड उघडतं. उंटावरून शेळ्या हाकत सगळं मला समजावतो, "बघ हॅटी, आता हा डावीकडे जाणार," आणि तो उजवीकडे गेला की माझा हात दाबून गप्प बसतो. तेहेतीस वर्षांत त्याने हात धरला असेल तो तिथेच. पण त्या अकरा सामन्यांत तोही बोलायचा बंद झाला. दोघं समोर बघत बसायचो. एकदा तर मध्यंतरात तो म्हणाला, "हॅटी, आपण हे का बघतो?" मी हादरलेच. असं तो आपल्या बाबांच्या अंत्यविधीलाही बोलला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घ्यायला रांगेत उभी होते. पुढे शेजारची इर्मा कुबिअक. तिने नेहमीप्रमाणे मान वळवून विचारलं, "यंदा चाळीस दिवस काय सोडतेस ग?" दरवर्षी मी चॉकलेट सोडते. यंदा कोण जाणे काय अंगात आलं, सगळा राग एकदम वर आला आणि मी बोलून गेले, "ग्लासमेन!" चांगलं मोठ्याने. फादर रेमंडचं राखेचं बोट माझ्या कपाळाजवळ तसंच थांबलं. (आमचे फादर रेमंड प्रवचनात संत पौलापेक्षा ग्लासमेनची उदाहरणं जास्त देतात, तुला माहीतच आहे.) एकदा सगळ्यांसमोर बोलल्यावर माघार कसली? घरी चेट म्हणाला, "हे कसलं व्रत? जळत्या घरात जाणार नाही म्हणे! याला उपास म्हणतात होय?" स्वतः मात्र दरवर्षी ज्येष्ठमधाच्या गोळ्या सोडतो, ज्या त्याने जन्मात खाल्लेल्या नाहीत.

दादा, त्याच संध्याकाळी आपण जिंकलो.

मी वर स्वयंपाकघरात होते. खालून अशी आरोळी आली की मला वाटलं चेट जिन्यावरून पडला. धावत दारापर्यंत गेले तर हा पायऱ्या चढत येतोय, डोळ्यात पाणी. प्रुइट खेळला म्हणे. कोण प्रुइट? थेल्मन प्रुइट, वय वर्षं छत्तीस, दोन हंगाम बाकाच्या टोकाला टॉवेल सांभाळत बसलेला! त्याला घातला, कारण घालायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. आणि त्याने एकट्याने एकतीस गुण केले. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण शुक्रवारी परत जिंकलो. रविवारी परत. चौदातले तेरा, दादा! प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून कान लावून उभी. घर तापवणाऱ्या भट्टीची गरम हवा तळघरातून वर येते ना, त्या फरशीतल्या जाळीतून खालचं सगळं ऐकू येतं. (ऐकणं म्हणजे बघणं नव्हे, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. त्यावर मत विचारलेलं नाही, तेव्हा देऊ नकोस.)

आणि मग गावाला समजलं की हे माझ्यामुळे होतंय. इर्मा रोज केक घेऊन यायला लागली, आणि केक देताना आत डोकावून मी कुठे आहे ते बघून जायची. शुक्रवारच्या माशांच्या जेवणात मला न विचारता दोन तुकडे जास्त. फादर रेमंडनी तर मिस्साच्या शेवटी "आपल्यातल्या एका भगिनीच्या त्यागाबद्दल" आभार मानले आणि सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण खरा हादरा घरचा होता. मी एकदा सहज म्हटलं, "चेट, ईस्टर झाला की मी खाली येईन हं." तो घाबरला. खरंच घाबरला. म्हणाला, "हॅटी, घाई काय आहे?" माझ्या जागेवर आता इर्माचा नवरा बसतो, बूट काढून. तेहेतीस वर्षं ज्या बायकोचा हात धरला ती या माणसाला अपशकुनी वाटायला लागली, दादा. त्या दिवशी मी कांदे चिरायला घेतले, लागत नव्हते तरी.

पुढचं तू वाचलं असशील. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी प्रुइट दुसऱ्याच्या पावलावर उतरला आणि त्याचा घोटा मुरगळला. का, कसा, देव जाणे. मी स्वयंपाकघरात होते, कणीक मळत होते, हाताला पीठ होतं. त्यानंतर तीन सामने हरलो. इर्मा दारोदार विचारत फिरतेय की कुणाचं व्रत मोडलं. आता परवा रविवारी शेवटचा सामना आहे. जिंकलो तर एकोणीस वर्षांनी बाद फेरीत, हरलो तर घरी. प्रुइट घोटा बांधून खेळणार आहे.

तर माझा प्रश्न साधा आहे, आणि तो माझ्या एका ओळखीच्या बाईंसाठी आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर दिवस होतात शेहेचाळीस. त्यातून सहा रविवार काढले की बरोबर चाळीस. म्हणजे रविवार उपवासात धरत नाहीत ना? आई आपल्याला रविवारी गोळ्या खाऊ द्यायची, आठवतं? रविवार मोकळा असेल तर परवा मी (म्हणजे त्या बाई) हक्काने आपल्या जागेवर जाऊन बसू शकतात, आणि कुणाच्या तरी नवऱ्याला बूट घालून उठावं लागेल. परवाच्या आत उत्तर पोचणार नाही हे कळतं, तरी कळव. कमरेला शेक दे. तुझ्या प्रार्थनेत आमची आणि प्रुइटच्या डाव्या घोट्याची आठवण असू दे.

तुझी धाकटी बहीण,
हॅटी

ता.क. (शनिवार) : पत्र पेटीत टाकायला गेले आणि परत आणलं. दादा, मीच ती. कणीक वगैरे खोटं. त्या रविवारी मला राहवलं नाही, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून कठड्यातून पाहिलं. दोनच मिनिटं. प्रुइट उडी मारायला आणि माझी नजर पडायला एकच गाठ पडली. मी जी पळाले ती थेट अंथरुणात. फादर रेमंडकडे पापनिवेदन करायचं धाडस नाही. ते क्षमा करतील, पण त्यांचा चेहरा मला बघवणार नाही. पत्रातून पापनिवेदन चालत नाही हे माहीत आहे, तरी हे वाचताना, पापनिवेदन ऐकायला बसताना घालता तो पट्टा गळ्यात घाल.

ता.क. २ (रविवार, शेवटचं सत्र चालू आहे) : उभ्याने लिहितेय, अक्षर लावून घे. चेट आत्ता वर आला. सामना टाकून! इर्माच्या नवऱ्याला त्याने घरी पाठवलं. दारात उभा राहून म्हणाला, "तुला पायरीवर बसलेलं मी तेव्हाच पाहिलं होतं, हॅटी. मरू दे तो घोटा. चल, बस माझ्याशेजारी. हरलो तर हरलो." आणि त्याने हात पुढे केला. कोच नाही, टीव्ही नाही, भर स्वयंपाकघरात. दादा, जन्मात हा माणूस एवढं बोलला नाही. मग मी विचारलं, "किती झालेत?" तो म्हणाला, "आपण चारने पुढे." मी त्याला खांद्याला धरून वळवलं, जिन्यात ढकललं आणि वरून कडी घातली. संसार करायची ही वेळ आहे का?

ता.क. ३ : जिंकलो!! रविवारचं राहू दे. उपवासकाळ जूनच्या मध्यापर्यंत (अंतिम सामने तेव्हा संपतात) वाढवून मिळतो का, तेवढं तुमच्या बिशपांना विचार. चेटला मात्र कळवू नकोस. तो माझी जागा झाडून ठेवतोय, ईस्टरसाठी.