आत्यानं ठेवलेलं नाव

अमरावती,
४ फेब्रुवारी २०२५

सौ. रागिणीवैनीस करिश्माचा नमस्कार वि. वि.

फोनवर बोलणं झालं, तरी शुभकार्याचं पत्र हातानं लिहावं ही आपल्या घरची रीत. रविवारी आमी येऊन राहिलो. गोपालचं जावळ दादाच्या मांडीवर, अन् त्याच मांडवात तुह्या लेकीचं बारसं. माह्यापायी पोरगी पाच महिने बिननावाची राहिली. आत्याशिवाय कानात नाव सांगणार कोण?

गोपालले ताप हाय, डोळे लाल झाले, नाक वाहून राहिलं. लगेच घाबरू नको बाप्पा, अन् तारीख तं बदलूच नको! आशाताई गोवराच्या लसीसाठी पुन्हा आलती. ह्यांनी दारातूनच वाटेले लावली. घरचं दूध-तूप खाणाऱ्या लेकराले सुया काहून टोचायच्या, आमच्या लेकराचं आमी पाहू, म्हणतात. दादा झेंडूवर फवारे मारणारा माणूस, त्याले हे पटणार नाई. चिडव त्याले.

माया असू दे.
करिश्मा


अमरावती,
१८ मार्च २०२५

सौ. वैनीस नमस्कार.

दादा फोन घेत नाई, म्हणून लिहून राहिली. तुही जयू दवाखान्यातून घरी आली, हे मायकडून समजलं. देव पावला. पण गोवर गोपालपासूनच झाला, हे कशावरून? तो तं आठवड्यात खेळाले लागला, तेबी औषधाविना. मनात धरू नको. जयूसाठी चांदीचा खुळखुळा पाठवला हाय.

राग सोड, पत्र लिही.
करिश्मा


अकोला,
२ एप्रिल २०२५

करिश्माबाईस,

वि. वि. काय लिहू? खुळखुळा पोचला.

कशावरून, विचारता? गोपालले कडेवर घेऊनच तुमी पाळण्यात वाकल्या, जयूच्या कानात नाव सांगतलं. तो तिच्या तोंडावर खोकला, अन् आमी सारे हासलो. मग जावळाची आंघोळ घालताना त्याच्या पाठीवर पुरळ दिसलं. तुमी म्हटलं, उष्णता हाय. पंधरवड्यात तेच पुरळ जयूच्या अंगावर. तिची लस नवव्या महिन्यातली. तवापर्यंत तिले जपणं मोठ्या लेकरांच्या हाती होतं. तुमचे हे त्यांच्या लेकराचं पाहणार होते, मंग माह्या लेकराचं कोणी पाहायचं?

ताप मेंदूत गेला. जीव वाचला. खुळखुळा म्या तिच्या दोन्ही कानांशी वाजवला, मायनं ताट बडवलं. पोरगी आढ्याकडे पाहून हासत राहिली. डॉक्टरनं तपासून सांगतलं, ऐकू येत नाई, अन् येणारबी नाई.

तुमी कानात सांगतलेलं नाव आमी दिवसभर घेतो. ती वळून पाहत नाई.

खुळखुळा परत पाठवून राहिली. गोपालले द्या. त्याले ऐकू येते.

रागिणी