रोहीचं पिल्लू

माय,

काल जुन्या बागेत गेले होते. इंग्रजांच्या काळातली झाडं अजून उभी आहेत, खोडांवर नावांच्या पाट्याही. शाळा सुटली की मी त्या तुला वाचून दाखवायची. डोक्यावरचं घमेलं सावरत तू हसायचीस, "झाडाले बी नाव लिहून द्या लागते काय वं?"

आपण तेव्हा नुकतेच यवतमाळला आलो होतो. धम्म स्वीकारल्यावर बाबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं आणि गावानं आपल्याला कामाला बोलवायचं सोडलं. बागेत सिमेंटची जनावरं घडत होती. म्हातारे मिस्त्रीचाचा सळ्या वाकवून, जाळी गुंडाळून नीलगाय करत होते, आपली रोही. तू माल कालवून देत होतीस. ती पुरी झाली तशी तू म्हणालीस, "चाचा, एकटीच काहून? संगं पिल्लू पाह्यजे."

"साहेबानं एकच सांगतली," चाचा म्हणाले, आणि उरलेल्या मालाकडे बघून, "तूच बनव ना बाई. सळ्या मी वाकवून देतो."

दिवस मावळेपर्यंत तू बसलेली आहेस. बोटांनी पिल्लाचे कान ओढतेस, गुडघे दाबतेस, मान त्याच्या आईकडे वळवतेस. मी हाक मारली तरी तुला ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "हे कोणी केलं?" काम जाणार म्हणून तू माझा हात घट्ट धरलास. चाचांनी सरळ तुझ्याकडे बोट केलं, "या बाईनं." साहेब पिल्लाभोवती फिरले, वाकून त्याचं तोंड पाहिलं. मग म्हणाले, "ओलं पोतं टाका यावर. तडा जाईल." बस, एवढंच. तू रोज त्याला लेकरासारखी आंघोळ घालायचीस.

बाग उघडली तेव्हा चांगल्या घरची एक बाई आली. तिनं पदरानं पिल्लाची पाठ पुसली आणि आपलं पोर वर बसवलं. तू फाटकातून बघत होतीस. "पाह्य," म्हणालीस, "तिकडं गावात विहिरीले हात लावू देत नव्हते. अन माह्या हातच्या पिल्लाले कसे कवटाळून राह्यले!" तुला एवढं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याची पाठ आता गुळगुळीत झाली आहे.

हे पत्र कुठं टाकणार? राहू दे माझ्यापाशीच. एक मात्र सांगते, काल आजूबाजूला कोणी नाही असं बघून मीही त्याच्यावर बसले. या वयात. माळ्यानं पाहिलंच, पण मी लगेच उतरले नाही.